साक्ष दिली अन् औषध बंद केलं

औषधाच्या बाटलीचं झाकण उघडलं की संत्र्याच्या गोळीसारखा वास येतो ना, तो आला की मला अजून धडधडतं, कारण दोंडाईच्याला असताना माझ्या पोरीला फिट यायची, डॉक्टर बोलले होते एक दिवस पण औषध चुकवू नका, पण आमच्या चर्चच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या अक्कांनी प्रार्थना करून तिच्या डोक्याला तेल लावलं, पंधरा दिवस काहीच झालं नाही, मग मी रविवारी सगळ्यांसमोर उभी राहून साक्ष दिली की येशूने माझी पोर बरी केली, अन् घरी आल्यावर वाटलं, आता औषध पाजलं तर मी देवासमोर खोटी पडेन, म्हणून बाटली मोरीत ओतली. तिसऱ्या दिवशी दुपारी पोर अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांवरच पडली, डोळे फिरवले, तोंडाला फेस, मी नुसती येशू येशू करत तिला हलवत बसले. शेजारून अक्काच धावत आल्या, पोरीला कुशीवर वळवलं, बाटलीचं कळलं तशा ओरडल्या, "देवनी सांगं का तुले, औषध ओती दे म्हनीसन? मी इतली प्रार्थना करस, तरी शुगरनी गोळी रोज खास ना!" दवाखान्यात नेताना रिक्षात अक्का पोरीसाठी प्रार्थना करत होत्या अन् मी देवाला म्हणत होते, माझी साक्ष खोटी होऊ देऊ नको. पोर वाचली, आता औषध रोज वेळेवर देते. अक्का म्हणतात, तूच उठून खरं सांग, पण मंडळीतले लोक नव्या आलेल्या बायांना अजून माझीच साक्ष सांगतात, अन् मी मान खाली घालून ऐकते.