आईच्या नावावरचं पोतं

तुर्भ्याच्या वस्तीतली प्रेमला सात वर्षांची असल्यापासून लसूण सोलत आली. वडील साताऱ्याहून येऊन बाजारात हमाली करायचे. भिजवलेल्या लसणाचं पोतं आईच्या नावावर घरी यायचं, सोलायची प्रेमला. बोटांची सालं निघायची, पेन्सिल धरवायची नाही. चौथीत शाळा सुटली. तरी तिला कामगार कुणी म्हटलं नाही. कागदावर ती कुठे होती?

पोती वाटणाऱ्या रूपेशशेठनं काल दोन पोती आणून उंबऱ्याच्या आत ठेवली. घरात प्रेमलाची नऊ वर्षांची मुलगी मंजुषा गणितं सोडवत होती.

"आजपासून दोन पोती, प्रेमला. पोरीला बसव सोबत. बारीक बोटं हायत, पटापट होईल."

"ती शाळेत जाते, शेठ."

"आल्यावर गं. हे काय काम हाय? आईला मदत."

"मदतच ना? मग तुमच्या मनस्वीलाबी पाठवा. दोघी एका वयाच्या."

रूपेश हसला. "तिचा क्लास असतो."

"व्हय. तुमच्या पोरीला क्लास, माझ्या पोरीला पोतं."

"दोन घे, नायतर एकपण नाय."

प्रेमलानं दोन्ही पोती फरफटत दाराबाहेर नेली.

"न्या," ती म्हणाली. "मी दुसरं काम बघते."