साडेअकराचा आकडा

धक्क्यावरच्या हवामान केंद्रात ती एकोणीस वर्षं निरीक्षक होती. पांढऱ्या जाळीदार पेटीतले कोरडे आणि ओले तापमापक वाचायचे, दोन्हींच्या फरकावरून हवेतला दमटपणा काढायचा, छतावर गरगरणाऱ्या वाट्यांवरून वाऱ्याचा वेग घ्यायचा, वायुदाबमापकातला पारा बघायचा आणि दर तीन तासांनी सगळं मुख्य कार्यालयाला फोनवर कळवायचं. धाकटा भाऊ तिला 'पाराताई' म्हणायचा. "घरात कुणी शिंकलं तरी ही आधी दाब बघते!"

त्या दिवशी साडेआठला दाब एक हजार पाच मिलिबार होता. साडेअकराला नऊशे नव्याण्णव. आकाश निरभ्र, वारा पूर्ण पडलेला. तिने पुन्हा वाचलं. आकडा तोच. दाब इतक्या झपाट्याने पडतो तो वादळाआधीच.

फोनवर साहेब म्हणाले, "तीन तासांत सहा? बाई, यंत्र बिघडलंय तुमचं. आम्ही सांगेपर्यंत धोक्याचा बावटा चढवू नका."

ती थांबली. बाराला मासेमारीच्या दोन होड्या खिडकीसमोरून बाहेर पडल्या. एकीवरच्या माणसाने हात हलवला. तिनेही हलवला.

दीडला नऊशे त्र्याण्णव. वारा नसताना लांबलचक, संथ लाटा धक्क्यावर आपटू लागल्या. पक्षी एकही दिसेना. तिने कुणाला न विचारता धोक्याचा बावटा चढवला आणि धावत सुटली. भावाची लाँच चाळीस प्रवासी घेऊन निघायच्या बेतात होती.

"दोर सोडू नकोस!"

"ताई, वर बघ जरा. ढगाचा ठिपका तरी आहे का?"

"वर नको, माझ्याकडे बघ."

त्याने पाहिलं आणि इंजिन बंद केलं. प्रवाशांनी तिचा यथेच्छ उद्धार केला.

चारला क्षितिज काळवंडलं. पाचला छतावरच्या वाट्या ताशी एकशे दहा किलोमीटर दाखवून उडून गेल्या. एक होडी मोडक्या अवस्थेत परतली. दुसरी आलीच नाही.

आठवड्याने त्या होडीवरच्या माणसाची बायको केंद्रात आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"तुम्हाला कधी कळलं होतं?"

साहेबांचं नाव पुढे करता आलं असतं. ते ओठांवर आलंही.

"साडेअकराला."

"हे बाराला गेले."

"हो. मी पाहिलं जाताना."

ती बाई दार ओढून निघून गेली.

त्यानंतर निरीक्षकबाईंनी बावटा कधीच कुणाला विचारून चढवला नाही. दोनदा वादळ आलंच नाही, दोनदा वरून मेमो आला. दोन्ही त्यांनी मुकाट्याने सही करून घेतले.