राखेतला निळा उजेड

माझ्या नणंदबाई वीजकेंद्रातल्या कोळशाच्या राखेतून चमकणारे कार्बनचे कण काढतात. प्रयोगशाळेतला फ्रीज बिघडला म्हणून काल त्या कणांच्या पाण्याची बाटली त्यांनी आमच्या फ्रीजमध्ये ठेवली. आज ते पाणी कसं चमकतं हे दाखवायला त्यांनी जांभळ्या उजेडाची बॅटरी लावली, तर आधी माझ्या लेकीचे ओठच निळे चमकले. मी तिचा चेहरा हातात धरला.

"वन्सं, प्यायली की काय ही?"

"थांब वहिनी, आधी रेघ बघू दे!" त्यांनी बाटली डोळ्यांसमोर धरली.

बाटली ठेवताना वन्सं पाण्याच्या पातळीवर पेनाने रेघ मारतात. पाणी रेघेलाच होतं.

"नुसतं झाकण चाटलं," पोरगी रडत म्हणाली.

"तरी डॉक्टरांकडे चल," वन्सं म्हणाल्या.

देवाचं नाव घेत मी चपला शोधत राहिले. त्या माझ्या पायातच होत्या.