पाटीवरचे चार नियम

वसई पूर्वेच्या एका गाळ्यात मी पॅकिंगला होते, नव्वदच्या दशकाच्या शेवटी. तिथे पितळी नळ आणि पाइपांचे जोड बनायचे. खोका दिसायला चपलांच्या खोक्याहून थोडा मोठा, पण उचलायला गेलं की खांदा निखळेल असं वाटायचं.

एक दिवस भिंतीवर पाटी लागली. परदेशी गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार होतं, म्हणून. पाठ सरळ ठेवा, गुडघे वाकवा, वजन अंगाजवळ धरा, जड वाटल्यास दुसऱ्याची मदत घ्या. सुपरवायझरने आम्हा बायकांना रांगेत उभं करून ते मोठ्याने म्हणायला लावलं आणि स्वतः एक खोका उचलून दाखवला. रिकामा. माल न्यायची ट्रॉली चाक मोडून जिन्याखाली पडली होती, तिच्याबद्दल अवाक्षर नाही. मला तो माणूस आधीपासूनच नकोसा वाटायचा. त्या दिवसापासून त्याच्या आवाजाचीही शिसारी येऊ लागली.

पाहुणे आले, पाटीचे फोटो काढून गेले. नंतर थोड्याच दिवसांत ते घडलं. दारात टेम्पो उभा होता आणि सुपरवायझर आमच्या डोक्यावर बसून ओरडत होता, "चला, चला, हात चालवा!" माझ्या शेजारी नंदाखाल गावच्या मावशी काम करायच्या. त्यांनी मला हाक मारली, "जरा हात लाव गं." मी वळले, तेवढ्यात तो खेकसला, "एका खोक्याला दोघी कशाला? तू तुझं बघ!" मावशींनी एकटीने खोका उचलला आणि तशाच अर्ध्या वाकलेल्या राहिल्या. खोका पायाशी पडला.

तो आला. आधी खोक्यातले नळ तपासले. मग पाटीकडे बोट करून म्हणाला, "गुडघे वाकवले होते का? वाचता येत नाही का?"

आम्ही तिघींनी मावशींना खुर्चीत बसवून रिक्षापर्यंत नेलं. त्याने दार धरलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच खोक्याला मी दुसऱ्या बाजूच्या बाईला बोलावलं. दोघींनी मिळून उचलला, गुडघे वाकवून, सावकाश. बाकीच्या समजल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत निम्माही टेम्पो भरला नव्हता.

"नाटकं बंद करा!" तो अंगावर धावून आला.

"नाटक नाही साहेब. वाचता येतं आम्हाला."

शेठ खाली आले. मी पाटी दाखवली आणि जिन्याखालची ट्रॉलीही दाखवली. ते सुपरवायझरकडे बघतच राहिले. दोन दिवसांत चाक बसलं. मला त्याने नळ घासून चकचकीत करायच्या बफिंग मशीनपाशी टाकलं. पितळेच्या धुळीने नाकातोंडात काळं जायचं. मी तोंडाला ओढणी बांधायचे आणि तो जवळून गेला की मुद्दाम त्याच्या डोळ्यांत बघायचे.

रविवारी मी आमच्या गिरीज गावाहून मावशींकडे गेले. त्या भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसल्या होत्या. आदल्या दिवशी सुपरवायझर येऊन गेला म्हणाल्या, डझनभर केळी घेऊन. मागे त्यांचीच केळीची वाडी, ओट्यावर घड टांगलेले.

"काय म्हणाला?"

"म्हणे, घरी पाणी भरताना लचक भरली असं शेठना सांगा, मग परत घेऊ."

"मग?"

"मी म्हटलं, ओट्यावरचा तो घड एकट्याने उचल, तुझी केळी त्याच्यावर ठेव आणि निघ. मुलगा दारातच उभा होता. उचलून गेला मुकाट."

त्या हसल्या, पण हसताना कमरेला हात गेला. माझ्यावरही चिडल्या होत्या. "आता परत ये म्हणून समजूत काढायला आली असशील तर चहा पी आणि जा." मी तसं काही म्हणणार नव्हते, तरी बोलणी खाल्ली.

त्या परत आल्या नाहीत. पुढे वाडीतलं वाकायचं कामही त्यांना झेपेनासं झालं. दारात बसून भाजीच्या जुड्या बांधायच्या.

वर्षभराने सुपरवायझरने नोकरी सोडली. निरोपाला शेठनी सगळ्यांसाठी समोसे मागवले. तो हात जोडत एकेकीपाशी आला. माझ्यापाशी येऊन म्हणाला, "राग ठेवू नका, मॅडम."

"ठेवणार," मी म्हटलं आणि मशीन चालू केलं.