उतरता न येणारी गाडी

"इळी."

कट्ट्यावर बसलेला गौडा एवढंच म्हणाला. इळी म्हणजे उतर. अप्पा सायकल चालवत होते. मी मागं कॅरिअरवर होते, अंगात ताप होता. आम्ही अळणावरच्या डॉक्टरकडं निघालो होतो.

गौडा म्हणजे गावचा पाटील. गावात त्याला सगळे गौडर म्हणायचे, मान देऊन. मी गौडाच म्हणते.

आमच्या गल्लीतून बाहेर पडायला सरळ रस्ता एकच. तो गौडाच्या घरापुढून जातो. घरापुढं दगडी कट्टा, आणि कट्ट्यावर सकाळ-संध्याकाळ गौडा आणि त्याची माणसं. आमच्या गल्लीतल्या कुणी त्या कट्ट्यापुढून सायकलवर बसून जायचं नाही. अलीकडं उतरायचं, मान खाली घालून सायकल ढकलत न्यायची, पलीकडं पिंपळापाशी पोचलं की परत बसायचं. कुठं लिहिलेलं नव्हतं, पण शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आम्हाला चालायला शिकवलं तसंच उतरायलाही शिकवलं होतं.

त्या दिवशी अप्पा उतरले नाहीत. मी तापानं डोलत होते. एका हातानं ते हँडल सांभाळत होते, दुसरा हात मागं करून मला धरत होते. उतरले असते तर मी पडले असते. कारण एवढंच होतं.

"इळी" ऐकल्यावर मात्र ते थांबले. मला खाली घेतलं, सायकल उभी केली, हात जोडले.

"धनी, पोरीला ताप हाय."

"पोरीला आहे. तुला काय झालंय?" गौडा कानडीत म्हणाला. त्याला मराठी येत होती, पण आमच्याशी तो कानडीच बोलायचा. मग थोडा वेळ पान चघळत राहिला. त्याला काहीतरी सुचलं असावं, कारण तो हसला. "रोज तू सायकलवर बसतोस. आज सायकलला तुझ्यावर बसू दे."

अप्पांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी वाकून सायकल उचलली आणि खांद्यावर घेतली.

कट्ट्यावरची माणसं हसली. गौडाचा मुलगा तेव्हा हायस्कुलात होता. सगळ्यात मोठ्यानं तो हसला. अप्पा पुढं, मी मागं. पाऊल पडलं की पेडल त्यांच्या पाठीवर आपटायचं. अप्पा अळणावरच्या लाकूड अड्ड्यावर हमाल होते, सागवानाचे ओंडके वाहायचे. सायकलीचं त्यांना काय ओझं? पण ते ओंडक्याखाली असल्यासारखे वाकून चालत होते, ते मी पाहिलं. पिंपळापाशी त्यांनी सायकल खाली ठेवली. सदऱ्याला चेनचं काळं वंगण लागलं होतं. माझ्याकडं न बघता ते डाग पुसत राहिले. पुसून तो आणखी पसरला.

"अव्वाला सांगू नको," म्हणाले.

अव्वा म्हणजे माझी आई. मी तिला सांगितलं नाही. आज सगळ्यांना सांगते आहे.

पुढं मी शिकले. कशी शिकले ते सांगत बसत नाही, आमच्यासारख्यांच्या शिक्षणाच्या गोष्टी ऐकून लोकांना फार गहिवर येतो आणि मला त्या गहिवराचा वीट आलेला आहे. शिकले आणि धारवाडजवळच्या बेलूरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून झाले. धारवाडात खोली घेतली. तिथं सायकल शिकले. धारवाडच्या चढांवर सायकल ढकलत न्यावी लागायची तेव्हासुद्धा मी आधी इकडं तिकडं बघायची, कट्टा कुठं आहे म्हणून. सवय हाडात जाऊन बसते.

मोबाइल फोन नुकते गावागावांत आले होते त्या सुमारास अप्पांचे पाय गेले. गुडघे अड्ड्यानं आधीच खाल्ले होते. मग लकव्याचा झटका आला आणि उजवा पाय ओढत चालायची वेळ आली. काठी टेकत, भिंत धरत घरातल्या घरात फिरायचे, पण उंबऱ्याबाहेर काही पडता येईना. वर्षभर माणूस दारात बसून रस्ता बघत होता. त्यांचे अड्ड्यावरचे जुने सोबती संध्याकाळी पिंपळाखाली बसत. अप्पा म्हणायचे, "पिंपळापतोर जाऊन चार माणसांत बसायचंय. दुसरं कायबी नको बघ."

एवढंच मागणं होतं. गोळ्या मागितल्या नाहीत, की देवाला न्या म्हणाले नाहीत. हुबळीत बॅटरीवर चालणारी बसायची गाडी मिळते असं कळलं. म्हाताऱ्या माणसांसाठीच केलेली, पाय लागतच नाहीत, हातानंच चालवायची. मी अप्पांना घेऊन हुबळीला गेले.

दवाखान्याचं सामान विकणारं दुकान होतं. पुढं तीन गाड्या मांडलेल्या. अप्पा धोतर-सदऱ्यात, काठी टेकून माझ्या शेजारी उभे. दुकानदार हसतमुख माणूस. माझ्याशी अदबीनं बोलला.

"कुणासाठी बघताय अक्का? कामाला आहात त्या मालकांसाठी का? त्यांना आणायला हवं होतं. ज्यांना बसायचंय त्यांच्या मापानं घ्यावी लागते."

काठी टेकून उभा असलेला, एक पाय ओढणारा माणूस त्याला दिसत होता. पण तो गाडीत बसणारा असेल हे त्याच्या डोक्यात आलं नाही. आम्ही आणायला आलेली माणसं. बसणारे दुसरेच कोणीतरी.

"बसणारे हेच," मी म्हणाले.

तो ओशाळला. सॉरी म्हणाला. आणि अप्पांना बसवायच्या आधी त्यानं सीटवर आदल्या दिवसाचा पेपर अंथरला. सॉरी म्हणत म्हणतच अंथरला. मी तो पेपर ओढून काढला आणि त्याच्या हातात दिला. तेव्हा अप्पाच मला म्हणाले, "असू दे की गं."

एक हातानं पेडल फिरवायची तीनचाकी होती. ती नको, अप्पांच्या खांद्यांत तेवढा जीव नव्हता. दुसरी बॅटरीची, छोटी, तीन चाकांची. तिची सीट कळ दाबली की बाजूला वळायची आणि पाय अलगद जमिनीला लागायचा. तिसरी चार चाकांची, थोराड. जमिनीपासून उंच, खडबडीत रस्त्याला चांगली, बॅटरी मोठी. आमच्याकडं करंट कधी येतो कधी जातो, त्याला तीच बरी होती.

मी बॅटरीचं विचारत होते, चढाचं विचारत होते. अप्पांना त्यातलं काहीच नको होतं. ते छोट्या गाडीवर बसले आणि उतरले. परत बसले. कळ दाबायची, सीट वळवायची, काठी टेकायची, उभं राहायचं. त्यांच्या तोंडावर कित्येक दिवसांनी हसू आलं होतं.

"हीच घेऊया," म्हणाले. "उतरायला बेस हाय."

"अप्पा, बसून जाण्यासाठी गाडी घेतोय आपण. सारखं उतरायचं कशाला?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काल जन्मले होते.

"गौडाच्या कट्ट्यापुढं उतराय पायजे की."



म्हणजे हा माणूस, ज्याला मोरीपर्यंत जायला भिंत लागते, तो मनातल्या मनात सगळा रस्ता चालून बघत होता. कट्ट्याच्या अलीकडं कळ दाबीन, उतरीन, गाडी हळू सोडीन आणि हँडल धरून तिच्या बाजूनं चालत जाईन. पाय ओढत. पिंपळापाशी परत बसीन. ज्या रस्त्यासाठी गाडी घ्यायची, त्याच रस्त्यावर त्यातून उतरायचं. म्हातारा गौडा मरून गेला होता. आता कट्ट्यावर त्याचा तो हसणारा मुलगा बसायचा. तो तोंडानं कुणाला उतर म्हणत नव्हता, कायद्याची भीती होती. म्हणायची गरजही नव्हती. आमच्या गल्लीतली मोटारसायकलवाली पोरं तळ्याच्या बांधावरून लांबचा वळसा घालून जायची. जीन पँट घालून, कानाला फोन लावून वळसा घालायची.

माझ्या अंगाची आग झाली. मी दुकानदाराला चार चाकांची गाडी दाखवली.

"हिच्यावरून एकट्याला उतरता येतं?"

"नाही अक्का. तोच हिचा दोष आहे. सीट वळत नाही, सीटचे हात वर होत नाहीत. पाय धड नसतील तर धरून उतरवायला माणूस लागतो. मी तरी ही देणार नाही यांना."

"मग हीच द्या."

 घरी आल्यावर अप्पा बोलले. "तू धारवाडात ऱ्हातीस. गावात मला ऱ्हायचंय. तुझ्या अव्वाला गौडाच्या शेतात कामाला जायचंय." बरोबरच होतं ते. मी त्यांच्या पायांच्या बदल्यात माझा राग आणून दिला होता. पण त्यांना उतरताना मी पुन्हा बघू शकत नव्हते. एकदा बघितलं होतं, तेवढं पुरे होतं.

गाडी टेम्पोतून आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अव्वानं आणि मी त्यांना उचलून बसवलं. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. गल्ली बघायला दारात आली. गाडीची कळ दाबून धरली की ती चालते, सोडली की थांबते. अप्पांनी दाबली. मी बाजूनं चालत होते. गल्ली संपली, वळण आलं, कट्टा दिसला.

अप्पांचा अंगठा कळीवरून सुटला. गाडी थांबली. त्यांनी दोन्ही हात टेकून उठायचा प्रयत्न केला. गाडीनं उठू दिलं नाही. पुन्हा केला. माझ्याकडं बघितलं, धर म्हणून. मी हात दिला नाही.

"काय रे?" कट्ट्यावरून आवाज आला. मुलगा आता बापासारखाच सुटला होता. तसाच पान चघळत होता. "बसूनच?"

अप्पांनी बसल्या बसल्या हात जोडले.

"उतराय येईना, धनी. गाडीच तसली हाय. पोरीनं आणली."

मला वाटलं होतं, गाडी त्यांना ताठ नेईल. गाडीनं त्यांना एक सबब दिली फक्त.

गौडाच्या मुलानं गाडी खालीवर न्याहाळली, माझ्याकडं बघितलं आणि हात हलवला. हसून म्हणाला, "जा, जा. लंगड्याला माफ आहे."

कट्ट्यावर सगळे हसले. चांगुलपणानं हसले, हे आणखी वाईट. अप्पाही हसले. मग अप्पांनी कळ दाबली आणि आम्ही पिंपळापाशी पोचलो. सोबत्यांनी गाडीला हात लावून बघितला. अप्पा खूष होते. मी घरी परत आले आणि तोंड धुतलं, तरी चेहरा जळतच होता.

माफ. म्हणजे गुन्हा आहेच. पाय मोडले म्हणून शिक्षा रद्द, इतकंच. आमच्यातल्या माणसानं बसून जायचं असेल तर आधी लंगडं व्हायचं.

परसात पत्र्याखाली अप्पांची जुनी सायकल लटकत होती. तीच. मी ती खाली काढली, हवा भरली, चेनला तेल घातलं. अव्वा दारात उभी राहून बघत होती. तिला कळलं असावं. "नको गं," म्हणाली. 

सकाळी कट्टा भरलेला असतो ती वेळ मी धरली. ओढणी कमरेला बांधली आणि सायकलवर टांग टाकली. वळण आलं. पायांनी आपोआप थांबायला बघितलं, खोटं कशाला सांगू.  मी पेडल मारत राहिले.

"इळी," गौडाचा मुलगा म्हणाला. इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून तो शब्द बाहेर आलाच. मोठ्यानं नव्हे. त्यालाही सवयीनं आला असेल.

मी ब्रेक दाबला. बरोबर कट्ट्यापुढं. एक पाय जमिनीला टेकवला, पण सीट सोडली नाही.

"माझे दोन्ही पाय धड आहेत," मी कानडीत म्हणाले. "उतरता येतं मला. उतरत नाही."

कुणी हसलं नाही. मी पेडल मारलं आणि पिंपळापर्यंत बसून गेले. तिथून वळले आणि त्याच रस्त्यानं बसून परत आले.

दुपारी निरोप आला, अव्वानं शेतात यायचं नाही. अप्पा माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. मी येते त्या दिवशी अजूनही ते जेवण संपेपर्यंत माझ्याकडं बघत नाहीत. रोज संध्याकाळी गाडीवरून पिंपळाला जातात. कट्टा आला की कळ सोडतात, हात जोडतात, गाडीचा दोष सांगतात आणि पुढं जातात. त्यांचं मन मला बदलता आलं नाही. ते आता बदलणार नाही, हे मी ओळखून आहे.

म्हणून दर रविवारी पहिल्या बसनं मी गावाला जाते. सायकल खाली काढते. मोटारसायकलवाल्या पोरांना बांधाकडं वळताना दिसेल अशा वेळी निघते. अव्वाचं काम गेलं, तिला दुसरं बघू. कुणी अंगावर आलं तर येऊ दे. मला सबब नको आणि माफी तर मुळीच नको. माझे गुडघे शाबूत आहेत, आणि आहेत तोवर त्या कट्ट्यापुढं मी सायकलवरून उतरणार नाही.