डब्यातली चौथी चिठ्ठी

आता तुमच्यापासून काय लपवायचं! पंचवीस वर्षं कोऱ्हाळ्यात गणित शिकवलं, आणि लाज गेली ती चार चिठ्ठ्यांच्या गणितात.

ऊसतोडीची टोळी घेऊन मुकादम आला होता. मी, शंकरतात्या, बबनराव आणि दादा, चौघांच्या उसाची कारखान्यातली नोंद एकाच तारखेची. मग आधी कुणाचा तोडायचा? माझ्या उसाला तुरा आलेला, रोज वजन घटत होतं. जीव नुसता टांगणीला! शेवटी चिठ्ठ्या टाकायचं ठरलं.

मीच एक ते चार आकडे लिहिले, घड्या घातल्या, डब्यात टाकल्या. तर बबनराव हटून बसले, "पयला हात माजा!"

"अहो, पहिला काय नि शेवटचा काय, शक्यता सारखीच. एक चतुर्थांश!"

झालं, मास्तर जागा झाला! एक घडी उचलून सगळ्यांसमोर धरली. "हिच्यात एक नंबर असेल? चारात एकदा. बास!" चांगली दहा मिनिटं शिकवलं. वर म्हणालो, "काढा तुम्ही आधी. मी शेवटी."

बबनरावांना दोन, दादाला चार, तात्यांना तीन. मी टाळीच वाजवली! "राहिला एक. आता माझी शक्यता शंभर टक्के!"

डब्यात हात घातला. डबा रिकामा!

"कुणीतरी चिठ्ठी दाबली!" मी ओरडलो. शेवटचा हात तात्यांचा, म्हणून नजर त्यांच्यावर. बिचाऱ्यांनी दोन्ही खिसे उलटे केले. चुन्याची डबी तेवढी पडली.

"सर, माज्या पोरीला तुमी शिकवलंय. मी आसं करीन व्हय?"

तरी मी गप्प बसलो का? छे! "थांबा, कुणी घेतली ते मांडूनच दाखवतो," म्हणत ट्रॉलीच्या फाळक्यावर लिहायला खिशातून खडू काढला. खडूबरोबर घडीही बाहेर! शिकवून झालं की हातातलं खिशात टाकायचं, ही माझी जन्माची खोड.

उघडली. एक नंबर! पण आता कोण ऐकतंय?

"परत टाका!" सगळे कडाडले. पुन्हा चिठ्ठ्या निघाल्या. तात्यांना एक, मला चार. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो. तात्यांचे हात धरले, "चुकलो, तात्या."

तात्यांनी आपली चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. "तुमच्या उसाला तुरा आलाय, सर. तुमचा जाऊ द्या आधी. माजा थांबंल."

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात तात्यांनी माझं मनगट गच्च धरलं.

"आवं, खिशात नगं, सर! मुकादमाकडं द्या!"