मामांचं ‘का’

आमच्या हिच्या मामांइतकं ‘का’ विचारणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल. आणि त्यांच्या एका साध्या ‘का’ला मी ठोकून दिलेल्या उत्तराने त्यांना दवाखान्यात पोचवलं, हे आधीच कबूल करतो. मामा देवळाली कॅम्पात राहतात. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. लग्नात पंगत सोडून आचाऱ्याला गाठतील, ‘काजू शेवटी का घालता?’ तेराव्याला गेले तर दर्भाची टोकं त्याच दिशेला का, म्हणून गुरुजींना अडवतील. एकदा गुरुजी म्हणाले, “आजोबा, गेलेल्या माणसाला जरा घाई आहे.”

घाई तशी मामांनाही होती, पण लघवीची. आली की आलीच, घटकाभरही थांबायची नाही. त्यामुळे त्यांचा नकाशाच वेगळा झाला होता. घराचा पत्ता सांगताना म्हणत, “बाजारातून सरळ या. डाव्या हाताची मुतारी स्वच्छ असते, उजव्या हाताचीला कायम कुलूप. तिथून पुढची गल्ली.” देवळ्याला बहिणीकडे जाणं मात्र बंदच झालं. एसटी मधे कुठे थांबणार? “फोनवर रडते हो ती,” एकदा म्हणाले.

अखेर डॉक्टरांनी गोळी दिली. रोज एक, अख्खी गिळायची, तोडायची नाही, चावायची नाही. पण मामांच्या तोंडात गोळी प्रदक्षिणा घालते. तांब्या रिकामा होतो, गोळी जिथल्या तिथे. त्यांनी मला फोन केला. “जावईबापू, अख्खीच का हो?”

मला माहीत नव्हतं. पण जावयाने ‘माहीत नाही’ म्हणायचं कसं? “काही नसतं हो मामा. औषध पोटात गेल्याशी मतलब. सहाणेवर उगाळा आणि मधातून चाटा.” तान्ह्या बाळाची गुटी उगाळावी तशी मामांनी ती भक्तिभावाने उगाळली. दोन दिवसांनी मामींचा फोन आला, “अहो, हे देव्हाऱ्यालाच विचारतायत, देवळ्याची गाडी कधी सुटणार!” जाऊन पाहतो तर जीभ टाळूला चिकटलेली, डोळ्यांपुढे धुकं, पोट फुगलेलं, आणि जी लघवी कुणाचं ऐकत नव्हती ती आता येतच नव्हती.

दवाखान्यात नळी घालून मोकळं केल्यावर डॉक्टर म्हणाले, “ही गोळी दिवसभर हळूहळू सुटते. उगाळली की सगळं औषध एकदम अंगात जातं. गिळता येत नव्हती तर मला सांगायचं, दुसरं काही दिलं असतं. उगाळायला सांगितलं कुणी?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. कोरड्या ओठांनी म्हणाले, “माझंच डोकं.” आणि लगेच, “हळूहळू सुटते म्हणजे? आत असतं काय?”

दुसरं औषध लागू पडलं. आता मामा साधी सर्दीची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेत नाहीत. औषधाच्या दुकानात त्यांच्यामागची रांग उसासे टाकते. परवा मी त्यांना एसटीने देवळ्याला घेऊन गेलो. बहिणीने दारातच गळामिठी मारली, डोळे पुसले आणि लगेच चिडवलं, “आमचा दादा लय हुशार, गोळी सहाणेवर उगाळतो!” सगळं घर हसलं, सर्वांत मोठ्याने मामा.

मला राहवलं नाही. “त्यांनी नाही, मी सांगितलं होतं उगाळायला,” मी म्हणालो. हसू थांबलं. आता मामा ‘का’ विचारतील म्हणून मी वाट पाहिली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी विचारलं नाही. मग मीच सांगितलं, “माहीत नाही म्हणायची लाज वाटली, मामा. चुकलो. माफ करा.”